मी उसवलेलं गोपुर

गौराक्कांनी भरलेलं गोपुर मी उसवलं. चांगला चष्मा लावून, उजेडाकडं तोंड करून, सुईच्या टोकानं एकेक टाका उचलत पायरीपासून कळसापर्यंत उसवलं. गौराक्का हातभर अंतरावर बसून मला थांबवत होत्या. त्या थांबवतायत हे मला कळलं नाही. उलट त्या जितक्या थांबवत होत्या, तितका माझा हात जोरात चालत होता.

असं कसं होऊ शकतं, हे सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला त्या दिवशी तीनदा विचारलं. तिला नीट सांगता आलं नाही ते इथं सांगतो. त्यासाठी आधी माझा धंदा सांगावा लागेल, कारण मी मुळात सुईवाला माणूस नव्हे. मी चादरीवाला.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं ग्राफ मास्तर होतो. मास्तर म्हटलं की लोकांना शाळा आठवते. अकलूजकडं माझ्या मामांनी 'भाचा सोलापुरात मास्तर हाय' एवढंच सांगून माझ्यासाठी मुली पाहिल्या, आणि मीही पुढचं काही सांगितलं नाही. लग्नानंतर पंधरा दिवसांनी सुमननं विचारलं, "तुमच्या शाळेत पोरं किती हो?" मी म्हणालो, "पोरं नाहीत. चोवीस माग आहेत." ती अजून ते विसरलेली नाही.

तर काम असं असायचं. चादरीवर जो मोर उमटतो, तो आधी चौकटीच्या कागदावर काढावा लागतो. उभा धागा आणि आडवा धागा जिथं एकमेकांना छेदतात ती एक चौकट. आम्ही तिला घर म्हणायचो. जे घर लाल रंगवलं तिथं उभा धागा वर येणार, जे कोरं सोडलं तिथं खाली जाणार. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची, की माग ती भोकं वाचत वाचत मोर विणत सुटतो. मोराची मान वळवायची तर घरं पायऱ्यापायऱ्यांनी चढवायची, आणि लांबून त्या पायऱ्या दिसू द्यायच्या नाहीत. एवढीच काय ती आमची कला. मागाला अक्कल नसते. मास्तरचं घर चुकलं तर चुकलेला मोरही तो त्याच भक्तिभावानं विणतो. माझा एक मोर तीन पायांचा निघाला होता. हुबळीकडं तो इतका खपला, की मालकांनी मला तिसरा पाय काढूच दिला नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे माझी लायकी नीट कळेल. अकलूजकडच्या एका ऊसवाल्या पाटलांनी मुलीच्या लग्नात आहेराला द्यायला चादरी मागवल्या. मधोमध 'शुभविवाह' आणि खाली वधूवरांची नावं. आपली चादर दोन्ही अंगांनी वापरता येते. पुढं हिरव्यावर पांढरं असेल तर मागं पांढऱ्यावर हिरवं. पण अक्षरं मागच्या अंगाला उलटी दिसणार, आरशातल्यासारखी. मी अक्षरं पातळ कागदावर काढली आणि ग्राफवर उतरवताना तो कागद पालथा ठेवला. झालं. सगळ्या चादरी पुढूनच आरशातल्या. पाटील माल न्यायला आले. गठ्ठा सोडून त्यांनी बराच वेळ मान तिरकी करून वाचायचा प्रयत्न केला.

"मास्तर, ह्येच्यासंगं एकेक आरसा बी देणार का?"

"पाटील, चादर पालथी घातली की सरळ वाचता येतं," मी म्हणालो.

"व्हय? मग पाव्हण्यांना बी पालथंच झोपवू का?"

आमचे मालक तेलुगू, मितभाषी माणूस. रागावले की मात्र तेलुगूत जायचे, त्यामुळं तेलुगू शिव्या मला परीक्षेला बसता येईल इतक्या येतात. कन्नड मात्र माझं 'ऊट आत?' म्हणजे 'जेवण झालं का?' इथंच संपतं. निम्मं गाव कन्नड बोलत असताना एवढी वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. ही शरमेची गोष्ट आहे, आणि पुढं जे घडलं ते तिच्याचमुळं घडलं.

गौराक्कांची आणि माझी गाठ नवी पेठेत पडली. मी तिशीतला, त्या चाळिशीच्या पुढच्या. 'टॉवेलला काहीतरी नवीन काढा' म्हणून मालकांनी डोकं खाल्लं होतं. त्या विचारात चाललो होतो, तर पुढं एक बाई. अंगावर काळपट इरकल लुगडं आणि पाठीवरच्या पदरावर दोऱ्यानं भरलेला नंदी. इतका नेमका नंदी मी तोवर पाहिला नव्हता. सगळा सरळ रेघांचा. आडवी, उभी, तिरपी, एवढ्याच रेघा, एकही गोल नाही, तरी वशिंड गोल दिसत होतं. मी घरं मोजायला लागलो. मोजायचं तर जवळ जावं लागतं. बाई कापडाच्या दुकानाशी थांबल्या, मी थांबलो. त्या सराफाकडं वळल्या, मी वळलो. वशिंडापर्यंत मोजत आलो असेन, तेवढ्यात पदर गर्रकन फिरला.

"काय मोजायलास रे मगापासनं?"

"नंदी," मी खरं सांगितलं.

"माझ्या पाठीवर?"

चार माणसं थांबली. एका रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेतली. मी खिशातून चौकटीचा कागद काढून दाखवला म्हणून वाचलो. बाईंनी कागद बघितला, पदर पुढं ओढून बघितला आणि म्हणाल्या, "शेपूट इसरलास." आणि चालू लागल्या.

महिन्याभरात नंदीचा टॉवेल बाजारात गेला. शेपटीसकट. मी इतका खूश होतो, की घरी एक नेऊन सुमनला दाखवला. तिनं तो हातात घेतला, माझ्याकडं बघितलं आणि देवघराच्या फळीवर ठेवून दिला. तेव्हा तरी मला उमगायला हवं होतं. आठवड्यानं गौराक्का कारखान्याच्या दारात उभ्या. हातात टॉवेल.

"मास्तर कोण हितं? ... तूच व्हय? ह्यो आंगुळीचा टावेल न्हवं?"

"हो."

"मग ह्येनं काय काय पुसायचं ते सांग की. शिवाच्या नंदीनं कुटं कुटं पुसायचं, मला एकदा सांग."

माग चालू असले की कारखान्यात शेजाऱ्याचं ऐकू येत नाही. नेमकी तेव्हाच लाईट गेली होती. चोवीस माग गप्प, आणि सगळा कारखाना माझ्या उत्तराची वाट बघतोय. एक महिना मी त्या नंदीत बुडालो होतो, पण माझ्या डोक्यात घरं होती, देव नव्हता.

मालकांनी हात जोडले. बाजारातला माल परत मागवतो म्हणाले. गौराक्का म्हणाल्या, "परत कशाला? उसवा की आन् दुसरं काय तरी काढा."

"मागावरचं उसवत नाही, बाई."

"मग चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं."

गौराक्कांचा राग त्या ठिकाणी उतरला. त्यांना खरंच नवल वाटलं. मागांच्या रांगेकडं बघत म्हणाल्या, "लई अवघड काम हाय रे तुमचं."

तिथून पुढं मी दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी शेळगीला त्यांच्या घरी जायला लागलो. नवीन नक्षी मागावर चढवायच्या आधी त्यांना दाखवायची. त्या कागद जमिनीवर पसरून लांबून बघायच्या. "ह्यो मोर पोटात दुखल्यावाणी उभारलाय," म्हणायच्या. किंवा, "ह्या वेलीला पाणी मिळंना जणू." आणि ते खरं असायचं. त्यांच्या स्वतःच्या नक्षीला मात्र हात लावायची मनाई. "कागदावर घेशील तर उंबऱ्यात पाय ठेवू नगंस," असं त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं. मी कागद घेतला नाही. डोळ्यांनी मोजायचो तेवढं मात्र घरी येईपर्यंत टिकायचं नाही.

मग कॉम्प्युटर आला. मी आठ दिवसांत काढायचो तो मोर हे यंत्र चहा निवेस्तोवर काढतं, आणि त्याला दोनच पाय असतात. शेवटची काही वर्षं मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो आणि 'मान जरा वाकवा' एवढं सांगायचो. मग तेही कुणी विचारेना. रिटायर झालो त्या दिवशी लाल रंगानं माखलेला माझा जुना ब्रश घरी आणला, आणि दुसऱ्या दिवसापासून मला सगळीकडं घरं दिसायला लागली. बाथरूमच्या फरशीत, खिडकीच्या जाळीत, बँकेच्या भिंतीत. बँकेत पासबुक भरायला उभा असलो की समोरच्या टाइल्सवर मनातल्या मनात मोर चढवायचो. नंबर निघून जायचा. हात रिकामे असले की दुखतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटी सुमनच म्हणाली, "अहो, एवढी हुरहुर लागलीय तर जा ना अक्कांकडं, सुई धरा. माझ्या फरशीकडं तरी असं बघत बसू नका."

अक्कांनी तोवर भरणं सोडलं होतं. साखरेनं दोन्ही डोळ्यांत धुकं आणलं होतं. माणूस आला-गेला कळायचा, तोंड दिसायचं नाही. मी शिकायला आलोय म्हटल्यावर सासूला अत्ती म्हणणारी त्यांची सून महादेवी पदराआड हसली. अक्का हसल्या नाहीत. "बस," म्हणाल्या. "पर मला दिसत न्हाय. तू भरायचं, मी हात लावून बघनार."

या कामाला कसुती म्हणतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कापडावर आधी काही काढायचं नाही. पेन्सिल नाही, छापा नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि भरायचं. म्हणजे माझंच काम, असं मला वाटलं. एकतीस वर्षं घरं मोजलेला माणूस मी! पहिल्या दिवशी मी घरून कापडावर बारीक पेन्सिलनं चौकटी आखून नेल्या. अक्कांना दिसलं नाही. महादेवीनं सांगितलं. कापड मोरीत गेलं.

दुसऱ्या खेपेला दोऱ्याला गाठ मारली. शिवायचं म्हटलं की आपण गाठ मारतोच. अक्कांनी कापडावरून एकदा अंगठा फिरवला. "गाठ मारलीस."

"तुम्हांला कसं कळलं?"

"भातात खडा लागल्याला कळत न्हाय व्हय?"

कसुतीत गाठ चालतच नाही. दोरा जाताना एक टाका वर, एक खाली, असा तुटक जातो. टोकाला पोचला की त्याच वाटेनं माघारी फिरायचं आणि जाताना सोडलेल्या जागा भरत यायचं. जिथून निघालो तिथंच दोरा परत आला पाहिजे. वाटेत फाटा फुटला तर त्या फाट्यावरही जाऊन यायचं, नाहीतर तेवढं रान भरायचं राहून जातं. असं जमलं की कापड पुढून आणि मागून हुबेहूब सारखं दिसतं. कुठलं अंग सुलटं, ते भरणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मी जायचो बरोबर. परत यायचो नाही. कुठल्या तरी फाट्यावर दोरा संपायचा, नाहीतर समोर वाटच उरायची नाही. कापडाच्या मधोमध सुई हातात धरून मी बसून राहायचो.

"अकलूजला जाऊन येतोस न्हवं रे? तवा चुकत न्हाईस ती वाट?"

"एस्टीला ड्रायव्हर असतो, अक्का."

"मग ड्रायव्हरलाच शिकवलं असतं की मी."

दीड वर्ष गेलं. दुपारी तीन ते पाच. त्या दोन तासांची मला इतकी चटक लागली, की रविवारी महादेवीनं सुट्टी दिली तर दिवस सरायचा नाही. बाहेर ऊन रणरणायचं, आत अक्का भिंतीला टेकून बसायच्या. मी सहा-सात टाके घालून कापड त्यांच्या हातात द्यायचो आणि त्यांचा अंगठा काय म्हणतो याची वाट बघायचो. अंगठा थांबला की चुकलं. अंगठा थांबला नाही की माझ्या छातीत काहीतरी हलकं व्हायचं. मालकांनी कधी पाठीवर थाप मारली असेल, तेव्हाही असं झालं नव्हतं.

मग रूपाला दिवस गेल्याची बातमी आली. रूपा ही महादेवीची लेक, अक्कांची नात, पुण्याला दिलेली. अक्कांनी पेटीतून एक डाळिंबी कापड काढायला लावलं. ते त्यांच्या लग्नातल्या इरकल लुगड्याचं. रूपाचं लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी तिच्या होणाऱ्या बाळाच्या कुंचीसाठी ते कापून ठेवलं होतं. कुंची म्हणजे बाळाचं टोपरं, पाठीवर लांब झूल सोडलेलं. झुलीच्या दोन्ही बाजूंना एकेक गोपुर यायचं होतं. एका बाजूचं अक्कांनी डोळे होते तोवर पुरं केलं होतं, पिवळ्या दोऱ्यानं. दुसरी बाजू कोरी राहिली होती.

"ही बाजू तू भर," अक्का म्हणाल्या. मग कापडावर हात ठेवला. "ह्ये माझं शेवटचं काम हाय, मास्तर. पणतवंड हुईल ते मला दिसायचं न्हाय. त्याच्या पाठीवर माझं गोपुर तेवढं असू दे. जपून."

त्याच पिवळ्या दोऱ्यानं मी चार महिने रोज थोडंथोडं, जपून भरलं. हात धुऊन, पुसून, सुती टॉवेल मांडीवर घेऊन. बाळ झालं, मुलगा. आठ दिवसांवर बारसं आलं. अस्तर लावायच्या आधी अक्कांनी माझं गोपुर तपासलं. पायरी, कमान, एकेक मजला करत अंगठा वर सरकत गेला आणि कळसापाशी थांबला.

"हितं राँग हाय. उसव, परत भर. टायम हाय अजून."

कसुतीत दोऱ्याची दोन्ही टोकं पायरीशीच असतात. कळस दुरुस्त करायचा तर खालून सगळं काढावं लागतं. मी कापड घेऊन खिडकीपाशी सरकलो. एक टोक अक्कांच्या मांडीवरच होतं. दोऱ्याचं टोक शोधायला मी कापड पालथं केलं. आता विचार करा. दोन्ही अंगं सारखी. पालथं केलं की डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. माझ्यासमोर जे गोपुर आलं, ते मी माझंच समजलो. आणि अगदी खरं सांगतो, ते बघून माझ्या मनात आलं, 'अरे, एवढं काही वाईट नाही की आपलं काम!' पण गुरू राँग म्हणतो तर राँग. मी टोक उचललं. गाठ नसल्यामुळं दोरा वाट सापडल्यासारखा निघायला लागला.

अक्कांच्या बोटांखालचं कापड हललं असणार. ओढ कुठल्या बाजूनं येतेय ते त्यांना कळलं.

"मास्तर, ब्याड," त्या म्हणाल्या.

अक्का माझ्याशी मराठीतच बोलायच्या आणि इंग्रजी शब्दही सहज वापरायच्या. टायम, राँग, लैन, फिनिश. त्यामुळं 'ब्याड' म्हणजे 'बॅड', यात मला शंका आली नाही.

"होय अक्का, बॅडच आहे. काढतोय."

"ब्याड, ब्याड!"

"सगळं काढतो, अक्का. एक टाका ठेवत नाही."

"ब्याड रे तम्मा! ब्याड!"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, एवढं मला माहीत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच तम्मा म्हटलं. मला भरून आलं. चूक दाखवतानाही माया सुटत नाही बाईंची, असं मनात म्हणत मी कळस सोडवला.

महादेवी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानंच धावत आली. "मास्तर! अत्ती नको म्हणायल्यात की हो तुमाला! ब्याड म्हंजे नको!"

माझ्या हातात पिवळा दोरा होता, कुरळा झालेला. मी कापड उलटं केलं, सुलटं केलं. माझं वाकड्या कळसाचं गोपुर पलीकडच्या बाजूला धडधाकट उभं होतं.

"गेलं?" अक्कांनी विचारलं.

"गेलं, अक्का."

"समदं?"

"समदं."

त्यांनी कापडाकडं नेलेला हात मागं घेतला. मग महादेवीला म्हणाल्या, "मास्तरला च्या दे." मी आयुष्यात खूप बोलणी खाल्ली आहेत, पाटलांची, मालकांची, सुमनची. त्या चहाइतकं कुठलंच लागलं नव्हतं.

मी कापड घरी नेलं. उजेडासमोर धरलं, तर सुईची भोकं दिसत होती. अक्कांचं सगळं गोपुर भोकांनी उभं होतं, बारीक उजेडाचं. भोकं वाचायचं तर माझं काम. मी पहिल्यांदाच त्यांची नक्षी कागदावर घेतली. एक भोक सुटलं नाही. पण कागद पुरा झाल्यावर लक्षात आलं, की भोकं सुई कुठं कुठं शिरली ते सांगतात, कुठल्या वाटेनं गेली ते सांगत नाहीत. आधी कमान की आधी खांब? कुठल्या फाट्यावर आधी वळायचं? मी दोनदा भरलं, दोनदा मधेच अडकलो, दोनदा उसवलं. आता उसवायला कुणी नको म्हणत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लाज सोडून शेळगीला गेलो. कागद घेतल्याचं आधी सांगून टाकलं. अक्का माझ्याकडं सरकल्या. "हात दे," म्हणाल्या. माझा पंजा उलटा करून त्यांनी त्यावर बोटाच्या नखानं वाट काढायला सुरुवात केली. पायरी, खांब, माघारी, कमान, फाट्यावर जाऊन परत. मधेच थांबायच्या, डोळे मिटायच्या, पुन्हा मागून सुरू करायच्या. मी दुसऱ्या हातानं कागदावर आकडे टाकत होतो. कळसाखाली येऊन नख थांबलं.

"हितनं फुडं?"

"हितनं फुडं हातच जायचा. मला न्हाय ठावं."

"आठवा ना, अक्का."

"ठावंच न्हाय तर आठवू काय?"

रात्री जागून पायरीपासून कळसाखालपर्यंत मी त्यांच्या वाटेनं गेलो. कळस माझ्या अंदाजानं चढवला. बारशाच्या आदल्या सकाळी दोरा पायरीशी परत आला, म्हणजे आला असं मी धरून चाललो.

अक्का जाऊन आता तीन वर्षं होत आली. कुंची पुण्याला आहे, आणि तो मुलगा आता तिच्यात मावणारही नाही. मी मात्र दुपारी तीन वाजले की कापड घेऊन खिडकीपाशी बसतो. गोपुर भरतो. कळसाखालपर्यंत वाट पाठ आहे. माझ्या पंजाच्या पाठीवर ती अजून उमटल्यासारखी वाटते. त्यापुढं दर वेळी वेगळी वाट धरून बघतो. त्यांचा हात कुठल्या बाजूनं जायचा, हे एकदा तरी सापडावं. सात-आठ टाके झाले की नकळत कापड पुढं करतो, आणि मग समोर भिंत आहे हे लक्षात येतं. सुमन एक-दोनदा मुद्दाम समोर येऊन बसली. अंगठाही फिरवला बिचारीनं. "छान आहे हो," म्हणाली. त्याचा काय उपयोग?

बारशाचं मात्र सांगितलं पाहिजे. रूपाला कुणी काही सांगू नये, असं मी महादेवीला विनवलं होतं. बाळंतिणीला कशाला वाईट वाटू द्यायचं, असं मी म्हणालो, पण खरं कारण माझी अब्रू. अक्कांना तेवढं सांगायचं धाडस झालं नव्हतं. पाळण्याभोवती तीस-चाळीस बायका, कन्नड-मराठी गलका, आणि रूपा कुंची घातलेलं बाळ घेऊन अक्कांजवळ येऊन बसली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अज्जी, हे डावीकडचं तुझं आणि उजवीकडचं मास्तरांचं ना?"

मी पाळण्याच्या दोरीला हात घालून अक्कांकडं बघत होतो. त्यांनी फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. पोराच्या पाठीवर त्यांचं गोपुर आहे, असं मग सगळे आयुष्यभर धरून चालले असते, मी सुद्धा.

अक्कांनी बाळाला पालथं मांडीवर घेतलं. डावीकडच्या गोपुरावर अंगठा ठेवला, पायरीपासून हळूहळू वर नेला. मधे एकदा थांबल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं; वाट ओळखीची लागली असावी. मग कळसापाशी आल्या. मग उजवीकडं. परत डावीकडं.

"न्हाय गं," त्या म्हणाल्या. "दोन्ही मास्तराचीच. हात लावून बघ की, दोन्हीचे कळस वाकडे हायत."